डायलिसिस हा शब्द एका कागदामुळे जन्माला आला, आणि तो देणारा माणूस डॉक्टर नव्हता

डायलिसिस हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शुगर आणि बीपीच्या मागोमाग किडनी गेली की घरातलं कुणीतरी आठवड्यातून दोन-तीन वेळा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात चार-चार तास मशीनला लागतं. सोबत आलेला माणूस बाहेर बाकड्यावर बसून राहतो. मशीन केवढं मोठं दिसतं, पण खरं काम करते ती त्याच्या बाजूला उभी लावलेली एक हातभर लांबीची नळी. त्या नळीत एक अतिशय पातळ पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूने रक्त जातं, दुसऱ्या बाजूने औषधी पाणी, आणि रक्तातली घाण पडद्यातून पाण्यात उतरते.

हा पडदा पहिल्यांदा वापरला गेला तेव्हा तो कागदाचा होता. आणि तो वापरणारा माणूस डॉक्टर नव्हता, तर लंडनच्या सरकारी टांकसाळीचा प्रमुख होता.

त्याचं नाव थॉमस ग्रॅहम. सायन्स घेतलेल्यांना ग्रॅहमचा नियम आठवत असेल. हलका वायू लवकर पसरतो, जड वायू सावकाश, आणि त्याचं गणित वर्गमुळात. मार्कांपुरता तो पाठ केला जातो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. पण तो नियम आणि दवाखान्यातली ती नळी, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच प्रश्नाच्या मागे लागून काढल्या आहेत. प्रश्न एवढाच होता : कुणी ढकललं नाही, ढवळलं नाही, तर एखादी वस्तू आपली आपण किती वेगाने सरकते?

बापाला हवा होता धर्मोपदेशक

थॉमस ग्रॅहमचा जन्म डिसेंबर १८०५ चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातला. वडील जेम्स ग्रॅहम कापडाच्या धंद्यात, घरची परिस्थिती चांगली. ग्लासगो तेव्हा कापसाच्या गिरण्यांनी भरलेलं होतं. मुलाने मात्र धंद्यात पडू नये, चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये धर्मोपदेशक व्हावं, असं वडिलांनी ठरवून टाकलं होतं.

१८१९ मध्ये, म्हणजे मिसरूडही फुटलं नव्हतं त्या वयात, थॉमस ग्लासगो विद्यापीठात दाखल झाला. तिथे त्याला थॉमस थॉमसन नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक भेटले. थॉमसन हे अणूचा सिद्धांत ब्रिटनभर नेणाऱ्यांपैकी एक. पोरगं त्यांच्या वर्गात रमलं ते रमलंच. पदवी घेतली, पण धर्मशास्त्राकडे वळायचं नाव नाही.

वडिलांनी हात आखडता घेतला. पैसे बंद. थॉमस एडिनबरोला गेला, तिथे थॉमस चार्ल्स होप यांच्या प्रयोगशाळेत शिकला आणि शिकवण्या घेऊन, थोडंफार लिखाण करून दिवस काढले. या काळात त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या त्या आई आणि बहीण. स्वतःच्या कमाईचे पहिले पैसे हातात आले तेव्हा त्याने ते त्या दोघींसाठी भेटवस्तू घेण्यात घालवले, असं त्याच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवलंय. पैशांची चणचण असलेल्या पोराने हे करावं, यावरून घरात काय चाललं असेल याचा अंदाज येतो.

१८२९ मध्ये त्याला ग्लासगोच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये, म्हणजे कारागीर-कामगारांना शिकवणाऱ्या संस्थेत, काम मिळालं. पुढच्याच वर्षी तो तिथल्या अँडरसन्स कॉलेजात प्राध्यापक झाला. हेच कॉलेज पुढे वाढत वाढत आजचं स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ झालं.

शिक्षक म्हणून ग्रॅहम काही गाजला नाही. बोलताना अडखळायचा, बुजरा होता, फळ्यासमोर त्याची गाडी सुरळीत चालायची नाही. पण त्याच्या वर्गात बसलेली नावं बघा. जेम्स यंग, जो पुढे कोळशापासून पॅराफिन काढून प्रचंड श्रीमंत झाला. लायन प्लेफेअर, जो शास्त्रज्ञ आणि खासदार झाला आणि ज्याचा जन्म आपल्याकडचा, बनारसजवळच्या चुनारचा. आणि डेव्हिड लिव्हिंगस्टन, ज्याने पुढे आफ्रिका पालथी घातली. वक्तृत्व नसलं तरी पोरांना कामाला लावायची हातोटी त्याच्याकडे असावी.

तडा गेलेल्या बरणीचं कोडं

ग्रॅहमच्या डोक्यात जो किडा शिरला, त्याची सुरुवात एका फुटक्या बरणीपासून झाली.

१८२३ मध्ये डोबेरायनर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हायड्रोजन भरलेली काचेची बरणी पाण्यावर उपडी ठेवली होती. बरणीला बारीक तडा होता. थोड्या वेळाने बघतात तर बरणीतलं पाणी वर चढलेलं. म्हणजे तड्यातून हायड्रोजन बाहेर गेला, हे कळत होतं. पण त्याच तड्यातून बाहेरची हवा तितक्याच झपाट्याने आत का आली नाही?

ग्रॅहमने तड्याच्या जागी प्लॅस्टर ऑफ पॅरिसचं बूच आणलं. काचेच्या नळीच्या एका तोंडाला प्लॅस्टर भरायचं, नळीत वायू घ्यायचा, दुसरं तोंड पाण्यात. सच्छिद्र प्लॅस्टरमधून आतला वायू बाहेर आणि बाहेरची हवा आत, दोन्ही आपापल्या वेगाने जाणार. किती गेलं, किती आलं, ते मोजायचं. वायू बदलून बदलून त्याने हे मोजलं आणि १८३१ मध्ये एडिनबरोच्या रॉयल सोसायटीपुढे निष्कर्ष मांडला. वेग हा घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ऑक्सिजन हायड्रोजनच्या सोळा पट जड, म्हणून हायड्रोजन त्याच्या चौपट वेगाने पसरतो.

ऐकायला हा रुक्ष नियम वाटतो. पण यात एक व्यवहाराची गोष्ट लपलेली आहे. दोन वस्तू एकमेकींत मिसळलेल्या असतील आणि त्यांचा सरकण्याचा वेग वेगळा असेल, तर मध्ये योग्य आडोसा ठेवून त्या वेगळ्या करता येतात. उकळायचं नाही, जाळायचं नाही, काही मिसळायचं नाही. वाट बघायची फक्त. हे ग्रॅहमला वायूंच्या बाबतीत कळलं होतं. द्रवांपर्यंत पोहोचायला त्याला पुढची तीस वर्षं लागली.

मधल्या काळात बाकी बरंच झालं. फॉस्फरिक ॲसिडवरच्या त्याच्या १८३३ च्या कामाने रसायनशास्त्रात त्याचं नाव पक्कं केलं. १८३७ मध्ये तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाला. १८४१ मध्ये लंडनची केमिकल सोसायटी स्थापन झाली, तिचा पहिला अध्यक्ष तोच. सरकारला काही तांत्रिक अडचण आली की ग्रॅहमला बोलावणं जायचं. संसदेच्या इमारतीत हवा कशी खेळवायची, लंडनला पाणी कुठलं द्यायचं, अशी कामं. १८५२ मध्ये तर इंग्लिश पेल एलमध्ये कडूपणासाठी स्ट्रिक्नीन हे विष घालतात अशी आवई उठली, तेव्हा ग्रॅहम आणि हॉफमन या दोघांनी बिअर तपासून तसं काही नाही असा निर्वाळा दिला. जाता जाता, हिंदुस्थानातल्या गोऱ्यांसाठी जहाजं भरभरून यायची ती हीच बिअर.

१८५५ मध्ये त्याला टांकसाळीचा प्रमुख, म्हणजे मास्टर ऑफ द मिंट केलं गेलं. एके काळी या खुर्चीवर न्यूटन बसला होता. ग्रॅहमने हे पद शोभेचं म्हणून घेतलं नाही, कारभारात लक्ष घातलं. १८६० मध्ये ब्रिटनची जुनी तांब्याची नाणी जाऊन ब्राँझची आली, ती त्याच्याच कारकिर्दीत. या धबडग्यात पहिली काही वर्षं त्याचं संशोधन जवळपास थांबलं होतं. पन्नाशी उलटलेला, तब्येतीने नाजूक, लग्न न केलेला, सरकारी फायलींत अडकलेला माणूस. इथे त्याची गोष्ट संपली असती तरी पुस्तकातला नियम शिल्लक राहिलाच असता.

साखर गेली, डिंक राहिला

द्रवांवरचं काम त्याने १८५० च्या आसपास सुरू केलं होतं. प्रयोग अगदी साधा. एका छोट्या बाटलीत मिठाचं पाणी भरायचं, ती बाटली उघड्या तोंडाने मोठ्या बरणीत साध्या पाण्याखाली ठेवायची आणि कित्येक दिवस तिला हात लावायचा नाही. मग बाहेरच्या पाण्यात किती मीठ आलं ते मोजायचं. मिठानंतर साखर, ॲसिड, अंड्यातला पांढरा बलक, जे मिळेल ते.

हे आकडे बघताना एक गोष्ट ठळक दिसायला लागली. १८६१ च्या त्याच्या निबंधात एक तक्ता आहे. सारख्याच प्रमाणात पसरायला हायड्रोक्लोरिक ॲसिडला जर १ एकक वेळ लागत असेल, तर मिठाला लागतो २.३३, साखरेला ७, अंड्याच्या पांढऱ्या बलकाला ४९ आणि जळक्या साखरेच्या कॅरॅमलला ९८. म्हणजे मीठ-साखर एका गटात आणि बलक-कॅरॅमल भलत्याच दुसऱ्या गटात.

पहिल्या गटातल्या वस्तूंचे खडे होतात, स्फटिक बनतात. दुसऱ्या गटातल्या वस्तू चिकट, लिबलिबीत : डिंक, जिलेटिन, स्टार्च, बलक. पहिल्यांना त्याने क्रिस्टलॉइड म्हटलं. दुसऱ्यांना, सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, कोलॉइड. आज पेंटपासून सौंदर्यप्रसाधनांपर्यंत जे कोलॉइड कोलॉइड ऐकू येतं, तो शब्द इथला.

आता या दोन गटांना वेगळं करणारा आडोसा हवा होता. त्या काळात असल्या प्रयोगांना डुकराचं किंवा बैलाचं मूत्राशय वापरायची पद्धत होती. ग्रॅहमने स्वतःही आधी बैलाचं मूत्राशय वापरलं होतं. पण ते सडतं, वास मारतं आणि प्रत्येक जनावराचं वेगळं निघतं. आज एक आकडा, उद्या दुसरा.

मग त्याने घेतला कागद. पत्रं लिहायचा, पातळ, फ्रेंच बनावटीचा, खळ दिलेला कागद. खळ म्हणजे आपल्याकडे सुती साडीला देतात तसली स्टार्चची. शाई पसरू नये म्हणून कागदाला ती देतात. खळीमुळे कागदाच्या धाग्यांमधली भोकं बुजलेली असतात. ग्रॅहमने कागद ओला केला, एका भांड्यातल्या पाण्यावर पसरला आणि मधोमध दाबून त्याचा खोलगट द्रोण केला. द्रोणात साखर आणि डिंक यांचं एकत्र पाणी ओतलं, दोन्ही पाच-पाच टक्के. चोवीस तास तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी खालच्या पाण्यात तीन चतुर्थांश साखर उतरलेली होती. इतकी स्वच्छ, की पाणी आटवल्यावर तिचे खडे झाले. डिंक मात्र जवळपास सगळा वरच, द्रोणात.

थोडं थांबून हे काय झालं ते बघू. हा कागद गाळणीसारखा नव्हता. चहाच्या गाळणीतून पाणी वाहून जातं आणि चोथा राहतो. इथे पाणी वाहिलंच नाही. कागदातली खळ पाण्याने फुगून तिची जेली झाली होती. साखरेचा रेणू लहान, तो जेलीच्या आतल्या पाण्यातून वाट काढत पलीकडे गेला. डिंकाचा रेणू साखरेच्या शेकडो पटींनी मोठा, त्याला त्या जाळीत शिरताच येईना. वरून दाब नाही, खालून ओढ नाही. पलीकडे साखर कमी आहे म्हणून साखर पलीकडे गेली, एवढंच.

रेणूंची मापं तेव्हा कुणालाच माहीत नव्हती. ग्रॅहमचं स्पष्टीकरण थोडं वेगळं होतं. स्फटिकाच्या जातीची वस्तू जेलीतलं पाणी आपल्याकडे खेचू शकते, सरसाच्या जातीची खेचू शकत नाही, अशी त्याची मांडणी होती. सगळे पदार्थ या दोन जातींत वाटले गेलेत हेही त्याचं म्हणणं पुढे टिकलं नाही. कोलॉइड ही वस्तूची जात नाही, अवस्था आहे आणि खरा मुद्दा कणांच्या आकाराचा आहे, हे नंतर ठरलं. पण प्रयोग पक्का होता. पाण्यात बुडवलेला वनस्पतींच्या धाग्यांचा एक पापुद्रा लहान रेणू सोडतो आणि मोठे अडवतो. या क्रियेला त्याने नाव दिलं डायलिसिस.

ॲसिडात बुडवलेला कागद

खळीचा कागद फार काळ तग धरत नाही. ग्रॅहमला त्याहून चांगली गोष्ट बाजारातच मिळाली.

सूती चिंध्यांपासून बनवलेला, खळ न दिलेला कागद काही सेकंद तीव्र सल्फ्युरिक ॲसिडात बुडवला आणि लगेच भरपूर पाण्यात धुतला, तर त्याचं रूपच बदलतं. कागद म्हणजे सेल्युलोज, झाडाच्या पेशीभिंतीचा मुख्य घटक. ॲसिडाने त्याचे वरचे धागे अर्धवट विरघळून चिकट होतात. पाण्यात टाकल्यावर तो चिकटा पुन्हा घट्ट होतो आणि धाग्यांमधली सगळी भोकं भरून टाकतो. तयार होतो एक अर्धपारदर्शक, चामड्यासारखा चिवट कागद, जो ओला झाला तरी फाटत नाही. कातड्याच्या चर्मपत्रासारखा, पण झाडापासून. म्हणून त्याला वनस्पतीचं चर्मपत्र म्हणायचे. बेकिंगसाठी मिळणारा अस्सल पार्चमेंट पेपर याच घराण्यातला.

लंडनमध्ये हा कागद डे ला रू कंपनी तयार करायची. नाव ओळखीचं वाटत असेल तर कारण आहे : १८५५ पासून हिंदुस्थानची टपाल तिकिटं छापणारी कंपनी हीच.

ग्रॅहमने लाकडाचं किंवा गटापर्चाचं एक कडं घेतलं, आठ-दहा इंच व्यासाचं, दोन इंच उंचीचं. गटापर्चा हाही मलायातल्या झाडाचा चीक. कड्यावर ओला पार्चमेंट कागद ताणून बांधला. डोळ्यांसमोर डफ आणा, म्हणजे झालं. कातड्याच्या जागी कागद, आणि वाजवायचा नाही तर पाण्यावर तरंगत ठेवायचा. आत मिश्रण ओतायचं, जेमतेम अर्धा इंच. बाहेर भरपूर स्वच्छ पाणी.

कागदाला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी प्रयोग फसणार. म्हणून आधी वरून ओल्या स्पंजने कागद पुसून मागच्या बाजूला ओलसर ठिपका उमटतो का ते बघायचं. ठिपका दिसला तर तिथे अंड्याचा पांढरा बलक लावायचा आणि गरम करून घट्ट करायचा. भोक बंद.

या डफावर त्याने काय काय घातलं! सोडियम सिलिकेट आणि ॲसिड एकत्र करून आत ओतलं, मीठ बाहेर निघून गेलं आणि आत उरलं पाण्यात विरघळल्यासारखं दिसणारं शुद्ध सिलिका. वाळू आणि काचेचा मुख्य घटक असा पाण्यासारखा बघायला मिळणं ही मोठी नवलाई होती. मग आर्सेनिक घेतलं. त्या काळात विष घालून मारायचं तर आर्सेनिक हे ठरलेलं होतं आणि ते शोधताना तपासनिसांची अडचण व्हायची ती पोटातल्या अन्नाची आणि रक्ताची. रासायनिक चाचणी त्या गाळात फसायची. ग्रॅहमने रक्त, दूध, बिअर असल्या द्रवांत आर्सेनिक मिसळून ते डफात ओतलं. आर्सेनिक लहान रेणूंचं, ते पडदा ओलांडून बाहेर आलं. रक्तातली प्रथिनं आत राहिली. बाहेरच्या स्वच्छ पाण्यावर चाचणी करणं सोपं.

आणि एक दिवस त्याने डफात अर्धा लिटर लघवी ओतली.

चोवीस तासांनी लघवीतले क्षार आणि युरिया बाहेरच्या पाण्यात उतरलेले होते. ते पाणी आटवून अल्कोहोलने धुतल्यावर युरियाचे पांढरे, शुद्ध स्फटिक मिळाले. निबंधात हा प्रयोग इतर उदाहरणांच्या रांगेत, फारसा गाजावाजा न करता येऊन जातो.

आज तो परिच्छेद वाचताना अंगावर काटा येतो. कारण किडनी बंद पडलेल्या माणसाच्या रक्तात युरिया साठतो हे डॉक्टरांना तेव्हा माहीत होतं. एडिनबरोच्या रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी किडनीच्या रुग्णांच्या रक्तात तो १८२९ मध्येच दाखवला होता. म्हणजे रक्तात काय साठतं हे ठाऊक, आणि ते प्रथिनांना धक्का न लावता बाहेर काढणारा पडदाही तयार. युरियाचा रेणुभार ६०, रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा ६६ हजारांच्या आसपास. एवढा फरक असल्यावर कागदसुद्धा निवड करू शकतो. तरीही या दोन टोकांची गाठ पडायला अर्धं शतक गेलं. ग्रॅहमचा रोख रुग्णावर नव्हता, तो रसायनं वेगळी करत होता. आणि समजा एखाद्या डॉक्टरला सुचलं असतं, तरी शरीराबाहेर काढलेलं रक्त काही मिनिटांत गोठतं. ते पातळ ठेवायचं औषधच नव्हतं.

फुग्यातून गाळलेली हवा

या कामाबद्दल ग्रॅहमला १८६२ मध्ये रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. पण गडी थांबला नाही. कागदातून द्रव झाले, आता रबरातून वायू.

रबर म्हणजे पुन्हा झाडाचा चीक. त्याच्या पातळ पापुद्र्याला भोकं नसतात, तरी फुगा दोन दिवसांत बसतो. ग्रॅहमने रबराच्या पडद्याच्या एका बाजूला हवा ठेवली आणि दुसऱ्या बाजूने पंपाने निर्वात केलं. पलीकडे आलेल्या हवेत ऑक्सिजन भरला ४१.६ टक्के. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. विझत आलेली काडी त्यात धरली की पुन्हा पेट घ्यायची. त्याने कारणही बरोबर ओळखलं. वायू भोकातून जात नाही. तो आधी रबरात विरघळतो, मग आतून सरकत पलीकडे निघतो, आणि ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा रबरात जास्त विरघळतो. वर्ष होतं १८६६. कारखान्यांत पडद्यातून वायू वेगळे करणारे आजचे अभियंते शिकतात ते तत्त्व हेच.

शेवटच्या दोन वर्षांत तो पॅलेडियम धातू हायड्रोजन कसा पिऊन टाकतो याच्या मागे होता. टांकसाळ हाताशी होतीच. हायड्रोजन भरलेल्या पॅलेडियमची छोटी पदकं त्याने पाडून घेतली आणि मित्रांना वाटली. १६ सप्टेंबर १८६९ रोजी लंडनमधल्या गॉर्डन स्क्वेअरच्या राहत्या घरी तो गेला. वय ६३. पुरलं त्याला ग्लासगोच्या कॅथेड्रलमध्ये. टांकसाळीच्या प्रमुखपदावर त्याच्यानंतर कुणा शास्त्रज्ञाची नेमणूक झाली नाही, ते पद अर्थमंत्र्याकडे गेलं.

ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये त्याचा खुर्चीत बसलेला ब्राँझचा पुतळा आहे, १८७२ सालचा. तो दिला जेम्स यंगने, त्याच्या त्या पॅराफिनवाल्या विद्यार्थ्याने. ग्रॅहमचे विखुरलेले निबंध गोळा करून पुस्तकरूपात छापून घेण्यातही यंगचाच हात होता.

कागदानंतर सॉसेजचं वेष्टण

पुढची गोष्ट इतरांची आहे, पण पडदा झाडाचाच राहिला.

१९१३ मध्ये अमेरिकेत जॉन एबल आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी कुत्र्याचं रक्त नळ्यांतून फिरवून परत शरीरात सोडलं. नळ्या कोलोडियनच्या, म्हणजे कापसाच्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून बनवलेल्या. रक्त गोठू नये म्हणून वापरला जळवांचा अर्क. १९२४ मध्ये जर्मनीतल्या गीसेन गावात गेओर्ग हास यांनी पहिल्यांदा माणसावर हा प्रयोग केला.

मग आला विलेम कोल्फ. नेदरलँडमधला तरुण डॉक्टर. १९३८ मध्ये त्याच्या वॉर्डात २२ वर्षांचा एक मुलगा किडनी निकामी होऊन तडफडत गेला. रोज साधारण वीस ग्रॅम युरिया काढता आला असता तर तो जगला असता, असा हिशोब कोल्फने मांडला. काढायचा कसा? उत्तर मिळालं सेलोफेनमध्ये. लाकडाच्या लगद्यापासून बनणारा हा पारदर्शक पापुद्रा सॉसेजच्या वेष्टणासाठी नळीच्या रूपात बाजारात मिळायचा. कोल्फने ती नळी एका फिरत्या पिंपावर गुंडाळली, पिंपाचा खालचा भाग मिठाच्या पाण्यात बुडवला आणि नळीतून रुग्णाचं रक्त सोडलं. तोवर रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन आलं होतं. हे १९४३ साल, कांपेन नावाचं गाव आणि देशावर नाझींचा ताबा. पहिल्या सोळा रुग्णांमध्ये म्हणावं असं यश आलं नाही. १९४५ मध्ये सतरावी रुग्ण, ६७ वर्षांची एक बाई, शुद्धीवर आली आणि वाचली.

त्यानंतर कित्येक दशकं डायलिसिसचा पडदा म्हणजे सेल्युलोज, हेच समीकरण होतं. कापसाच्या सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून केलेला क्युप्रोफॅन नावाचा पापुद्रा जगभर चालला. त्याच्या अडचणीही कळत गेल्या. रक्त सेल्युलोजला लागलं की शरीराची संरक्षणयंत्रणा खवळायची आणि पहिल्या अर्ध्या तासात रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटायच्या. दुसरी अडचण जास्त खोल होती. ग्रॅहमला ज्या गुणाचं कौतुक होतं, फक्त लहान रेणू सोडायचे, तोच आड आला. साधारण ११,८०० रेणुभाराचं एक मधलं प्रथिन या पडद्यातून बाहेरच पडत नव्हतं. वर्षानुवर्षं मशीनवर असलेल्यांच्या सांध्यांत ते साठायचं, हात आखडायचे, मनगटं दुखायची. हे कोडं १९८५ मध्ये सुटलं. म्हणून आज बहुतेक ठिकाणी थोडी मोठी छिद्रं असलेले पॉलिसल्फोनसारखे कृत्रिम पडदे दिसतात.

भारतात २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी ही सोय मोफत आली. तिथल्या नळीत कागद नसतो, केसांसारखे हजारो पोकळ धागे असतात. बहुतेकांचे ते प्लॅस्टिकच्या कुळातले. पण सेल्युलोज पुरतं गेलेलं नाही. त्याच्यावर रासायनिक प्रक्रिया करून केलेल्या सेल्युलोज ट्रायॲसिटेटचे डायलायझर आजही वापरात आहेत, खासकरून ज्या रुग्णांना कृत्रिम पडदे सोसत नाहीत त्यांच्यासाठी.